नांदेड ते कोल्हापूर, एक तास दहा मिनिटं

बेल्याच्या बस स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. पिकांचे फॉर्म, जातीचे दाखले, रेल्वेची तिकिटं, मुलांचे निकाल, सगळं. गाव तेलंगणात, घरातलं बोलणं मराठी आणि सरकारी कागद तेलुगूत, त्यामुळे दुकानाला मरण नाही. मला एक खोड आहे. कुणी म्हणालं, मंचेरियलला लेकीकडे जायचंय, की मी वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहून देते: बस किती वाजता, कुठे बदलायची, किती तासांत पोचाल. न विचारता. नवरा म्हणतो, "लोकं फार्म भराले येतात अन् तू त्यायले टाइमटेबल देऊन राह्यली." म्हणू दे. उशीर मला खपत नाही, आणि त्याला कारण आहे.

कारण माझी धाकटी बहीण. ती कोल्हापूरला दिली आहे. भावजी तिथल्या एका कारखान्यात आहेत. माणूस भला, पण घरात दुसरं बाईमाणूस नाही; सासू लग्नाआधीच वारलेली. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात बहिणीला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. फोन आला तशी आई नेसत्या लुगड्यानिशी निघाली. बेल्याहून आदिलाबाद, तिथून नांदेड, तिथून कोल्हापूर, असं करत अठरा तासांनी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. दुसऱ्या खेपेला आठवा लागताच बहिणीनं आईला बोलावलं. म्हणाली, मला भीती वाटते. मी आईला सांगितलं, चार दिवस थांब, रविवारचं झोपून जायचं रिझर्वेशन मिळतंय. शुक्रवारी फोन आला. आई रविवारी त्याच रिझर्वेशनवर गेली. बहीण तोवर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली होती.

त्याबद्दल मला कुणी बोल लावला नाही. बहिणीनं नाही, आईनंही नाही. लावला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

मागच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. डॉक्टरांनी तिला घराबाहेर पाऊल टाकायची बंदी केली, म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणं बादच झालं. आणि इकडे आईच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. सलग चार-पाच तासांच्या वर गाडीत बसायचं नाही, असं तिच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं. आईला नाही, मला. कारण आई सगळ्यांना हो म्हणते. अठरा तासांचा प्रवास म्हणजे तिची पाठ कायमची गेली असती. बहिणीची तारीख ठरली: शनिवारी सकाळी आठ वाजता ऑपरेशन करून मूल काढायचं. ती फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, आईले पाठव. या खेपी आधी पाठव." मी हो म्हटलं आणि फोन ठेवून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

त्याच दुपारी मी नांदेड ते कोल्हापूर असं शोधलं. पडद्यावर आलं: सरळ रेषेत सुमारे सव्वाचारशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास दहा मिनिटं. त्या महिन्यांत आठवड्यातून तीनदा एक छोटं विमान जायचं. मंगळवार, गुरुवार, रविवार. असल्या लहान गावांमधल्या विमानांचा काही भरवसा नाही, आज सुरू तर उद्या बंद, पण तेव्हा ते होतं. मी तो आकडा दोनदा वाचला. मग समोर रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या म्हाताऱ्यालाही वाचून दाखवला. तो म्हणाला, "तासाभरात कोल्हापूर? एवढ्या वेळात तं आमी इथून आदिलाबादले पोचतो." मी म्हटलं, तेच तर. त्याच्याकडून झेरॉक्सचे पैसे घ्यायचेही विसरले.

मंगळवारची तिकिटं संपलेली होती. रविवार म्हणजे शनिवारनंतरचा रविवार, त्याचा उपयोग शून्य. राहिला गुरुवार, दुपारी तीन चाळीस. दोन तिकिटं काढली, एक आईचं, एक माझं, आणि आनंदानं आईकडे गेले. आई आमच्याच गावात दोन गल्ल्या सोडून राहते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेस्तरवारी?"

मी म्हटलं, "हाव, गुरुवारी."

"गुरुवारी दक्षिणेले दिशाशूल असते. कोल्हापूर दक्षिणेले."

मी म्हटलं, विमान मी चालवत नाही. मग ती म्हणाली, बरं, मग बुधवारी पस्तान ठेवू. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वार त्या दिशेला जायला वाईट असेल आणि जाणं तर टाळता येत नसेल, तर आदल्या दिवशी, वार चांगला असताना, आपल्या सामानातली एक वस्तू जायच्या वाटेवरच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची. शुद्ध भाषेत त्याला प्रस्थान म्हणतात. म्हणजे आपण निघालोच, असं धरायचं. दुसऱ्या दिवशी जाताना ती वस्तू उचलायची आणि मागे न बघता पुढे जायचं. ज्याच्या घरी ठेवली त्यानं ती जपायची, एकटी टाकायची नाही आणि निघालेल्याच्या हातातच द्यायची. मी आईला म्हटलं, विमानाच्या जमान्यात हे असलं काही चालायचं नाही, उगीच वाटेत थांबणं नको. आई गप्प बसली. आई गप्प बसली की आपण जिंकलो असं मला वाटतं. चाळीस वर्षं वाटत आलंय.

गुरुवारी सव्वासातला निघालो. गाडी गावातल्याच एका भाऊंची, तेच चालवणार होते. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे, गाडीही तशीच चालवणारे. मागच्या सीटवर उशा लावून आईला अर्धवट आडवं केलं होतं. माझ्या फाइलीत तिकिटं, बोर्डिंग पासच्या छापील प्रती आणि वाटेतल्या सगळ्या वेळांचा कागद. आदिलाबाद सव्वाआठ, किनवट पावणेदहा, नांदेड एक. मधे मधे आईला उतरवून पाय मोकळे करायचे थांबे. मी त्या कागदावर फार खूश होते.

गावाच्या टोकाला, आदिलाबादच्या रस्त्यावर, एका मावशींचा भाजीचा मळा आहे. आईची जुनी मैत्रीण. तिथं आल्यावर आई म्हणाली, "भाऊ, थांबवा जरा." मला तेव्हाच कळायला हवं होतं. घराला कुलूप होतं. आई म्हणाली, "मायं पस्तान हाय तिच्यापाशी."

मला न सांगता ही बुधवारी तिथं जाऊन आली होती. माझा पारा चढला. मी म्हटलं, "काय ठेवलं त्यात?" ती म्हणाली, "लुगडं, तांदूळ, सुपारी, हळकुंड," आणि अजून काहीतरी बोलणार तेवढ्यात मी म्हटलं, "तांदूळ-सुपारीसाठी विमान सोडतं काय कोणी? भाऊ, चला." ती म्हणाली, तिला फोन तरी लाव. मी म्हटलं, वाटेत लावते. आणि लावला नाही. रागात होते. राग असला की मला आपलं सगळं बरोबर वाटतं.

आदिलाबादला गावात शिरलो नाही, वळसा घालून बाहेरच्या बाहेर गेलो. तिथं निजामाच्या काळातली धावपट्टी मोकळी पडून आहे. इथे विमानतळ होणार, असं मी शाळेत असल्यापासून ऐकते. झाला असता तर आईला हे चार-पाच तास गाडीत काढावे लागले नसते, असं मी भाऊंना म्हटलं. ते म्हणाले, "झाला असता तं मंग माया गाडीत कोन बसलं असतं?" आई हसली. मी नाही हसले.

किनवटला पावणेदहाच्या ठोक्याला पोचलो. चहा सांगितला. आईला बाकावर बसवलं आणि मी कागद पुन्हा एकदा लावून घ्यायला फाइल उघडली. माझं आधार कार्ड होतं. आईच्या कार्डाच्या तीन झेरॉक्स होत्या, एक रंगीत. कार्ड नव्हतं.

"माय, तुयं आधार?"

"पस्तानात."

ती अगदी शांतपणे बशीत चहा ओतत होती. आमच्याकडे तहसीलमध्ये अजूनही मूळ कागदाला असल म्हणतात आणि प्रतीला नकल. ती म्हणाली, "नकल हाय ना तुयापाशी? तूच तं सगळ्यायले नकला काढून देतं. मंग असल कायले पायजे?"

यात तिचं काय चुकलं? तहसीलमध्ये नकल, बँकेत नकल, गॅसवाल्याकडे नकल. तिनं जन्मभर माझ्याच मशीनमधून निघालेले कागद सगळीकडे चाललेले पाहिले होते. पण विमानतळाच्या दारावर झेरॉक्स चालत नाही. मूळ कार्ड नाही तर आत सोडत नाहीत. मी हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दहादा सांगते. आईला कार्ड लागतं एवढंच म्हटलं होतं, नकल चालत नाही हे एकदाही सांगितलं नव्हतं, कारण तिचं कार्ड मीच घेणार होते.

मोबाइलमधून काढायचा प्रयत्न केला. त्याचा पासवर्ड ज्या नंबरवर येतो तो नंबर वडिलांचा. वडील जाऊन तीन वर्षं झाली, नंबर बंद. मतदान कार्ड, पासबुक, सगळं घरच्या पेटीत. मी तिथंच, चहाच्या टपरीवर, आईवर ओरडले. काय बोलले ते सांगवत नाही. टपरीवाला चहा गाळायचा थांबला, एवढं सांगते.

आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पस्तान ठेवाचं तं ज्याच्याबगर जाता येत नाई थेच ठेवा लागते. तू म्हनलीस का कार्डाबगर विमानात घेत नाई. म्हनून थे ठेवलं. दोनदा मी मांगून पोचली. म्हनलं, या खेपी अर्धी तरी बुधवारीच निघून जाऊ."

रविवारचं रिझर्वेशन मी काढलं होतं.

मावशींना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. मागे गलका. त्या आदिलाबादच्या रैतू बाजारात भाजी घेऊन बसल्या होत्या. मी पिशवीचं विचारलं, तर म्हणाल्या, "अवं, थे तं मायासंगच हाय. पस्तान कुलपात कसं ठेवाव एकटं? तराजूच्या खुंटीले टांगलं. तुमची गाडी बाजाराच्या मोडीवर दिसन म्हनून सकाळपासून पाहून राह्यली. अक्काच्या फोनले चार डाव लावलं, थो बंद."

अक्का म्हणजे आई. तिचा फोन बंद होता, कारण विमानात फोन बंद ठेवतात असं मीच तिला सांगितलं होतं, आणि तिनं तो सकाळी घरूनच बंद करून घेतला होता. माझा नंबर मावशींकडे नव्हता. आणि बाजाराच्या मोडीवरून, म्हणजे तिथल्या वळणावरून, गाडी गेलीच नव्हती, कारण पंधरा मिनिटं वाचवायला मी वळसा घ्यायला लावला होता.

आता कार्ड आदिलाबादला आणि आम्ही दीड तास पुढे किनवटला. परत जाऊन पुन्हा यायचं म्हणजे विमान गेलं. अर्ध्या वाटेत जाऊन भेटावं तर हिशेब तोच पडतो: आपण पाऊण तास मागे आणि पाऊण तास पुढे, त्यापेक्षा इथं थांबणं काय वाईट? वर आईची पाठ. भाऊ म्हणाले, वाटेत चुकामूक झाली तं कार्डबी गेलं अन् विमानबी. आई म्हणाली, "मांगं फिराचं नाईच. पस्तान ठेवून कोनी मांगं फिरत नाई." माझा हिशेब आणि तिचा नेम पहिल्यांदाच एकीकडे आले होते, आणि मला त्याचाही रागच आला.

मावशींना विचारलं, कुणाच्या हाती पाठवता येईल का? त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हाती? नाई बापा. मीच येतो. टमाट्याचा टेम्पो किनवटलेच निघून राह्यला." आणि फोन ठेवून दिला. भाजी कुणावर सोपवली, गल्ला कुणावर, काही सांगितलं नाही.

मग वाट बघणं. दहा वाजले, साडेदहा, अकरा. मी टपरीपासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून टपरीपर्यंत फेऱ्या मारत होते. दर टेम्पोकडे पाहत होते. भाऊंनी गाडीची काच दोनदा पुसली. सव्वाअकराला बहिणीचा फोन आला: "निघालात ना?" मी म्हटलं, किनवटला चहा पितोय. ती म्हणाली, "बरं झालं. आज मले शांत झोप लागली, ताई." मी फोन ठेवला आणि तशीच रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मला त्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली होती की रडायलाही येईना. पंधरा मिनिटं वाचवली मी. कुणासाठी?

आईनं मला बाकावर बोलावलं. "बस," म्हणाली, "तुया फेऱ्यायनं टेम्पो लवकर नाई येत." मी बसले. तिनं माझा हात धरला नाही की पाठीवरून हात फिरवला नाही, तिला ते जमत नाही. तिनं आपल्या बशीतला चहा माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, "माय, मागच्या खेपी मी तुले थांबवलं." ती म्हणाली, "तुले काय दिसत होतं काय पुढचं? पे." एवढंच. दोन वर्षं मी या बोलण्याची वाट पाहत होते आणि ते असं झालं, टपरीवर, गार झालेल्या चहावर. पण मनावरचं ओझं खरंच उतरलं. मी चहा प्यायले.

बाराला पाच कमी असताना टेम्पो आला. मावशी पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी. मी धावत गेले, हात पुढे केला. त्यांनी पिशवी छातीशी धरली. "तुले नाई. अक्काले."

मी म्हटलं, "मावशी, तीन तासांचा रस्ता आहे, सव्वातीनला दार बंद होतं."

"मंग बाजूले हो," म्हणाल्या, आणि सरळ आईकडे गेल्या. तिला नांदेडच्या दिशेला तोंड करून उभं केलं. पिशवी तिच्या दोन्ही हातांत दिली. आई काही म्हणायला वळू लागली तशी तिचे खांदे धरून पुन्हा सरळ केलं. "मांगं नाई पाहाचं, अक्का. पोचल्यावर बोल." सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. मला तेवढ्या वेळात घाम फुटला. आईला गाडीत बसवताना मी मावशींकडे पाहिलं. त्या रस्त्यावरच उभ्या होत्या, हाताला टमाट्याच्या क्रेटची धूळ, आणि आता परत जायला गाडी मिळते की नाही हेही त्यांना माहीत नव्हतं. मी धन्यवाद म्हटलं नाही. आमच्याकडे तो शब्द तोंडात येत नाही. मी म्हटलं, "मावशी, जेवून जा." त्या म्हणाल्या, "तू निघ पहिले."

सावकाश चालवणारे भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा जोरात गाडी चालवताना दिसले. आईचे थांबे सगळे रद्द. दर खड्ड्याला ती डोळे मिटून घ्यायची आणि मी विचारलं की म्हणायची, काही नाही, चालू द्या. पिशवी पोटाशी. मी त्यातून कार्ड काढून घेतलं आणि मग पूर्ण रस्ता ते हातात धरून बसले. भोकरला रेल्वेचं फाटक बंद सापडलं नाही, ही देवाची कृपा. तीनला दहा कमी असताना विमानतळाच्या दारात उतरलो.

दारावरच्या जवानानं कार्ड बघितलं, आईकडे बघितलं, आत सोडलं. तपासणीत पिशवी अडली. त्यानं तांदळाची पुरचुंडी काढली, सुपारी, हळकुंड. "ये क्या है, माताजी?" आई हिंदी बोलते ती थोडीच. म्हणाली, "बेटी के पास जाते हम." त्यानं सगळं होतं तसं पिशवीत ठेवलं आणि तोंड बांधून दिलं. 

विमान एवढंसं, आमच्या आदिलाबादच्या बसपेक्षा थोडं लांब. आईला खिडकी दिली. तिनं पट्टा बांधून घेतला, फोन बंदच आहे ना ते पाहून घेतलं, उडताना माझं मनगट घट्ट धरलं. वर गेल्यावर खाली पाहून म्हणाली, "पैनगंगा दिसत नाई." मी म्हटलं, ती मागे राहिली. मग दहा मिनिटांत तिला झोप लागली. पाठीला उशी नाही, काही नाही, तोंड थोडं उघडं. मी खिडकीतून बघत होते. खाली रस्ते होते, त्यांवर कुठेतरी बसगाड्या असतील, आणि त्यांतल्या एखादीत अठरा तास बसून आई दोनदा गेली होती. तेच अंतर. मी दर वेळी लोकांना कागदावर किलोमीटर लिहून देते आणि मला वाटतं, मी त्यांना रस्ता सांगितला. त्या दिवशी एका बाईनं बाजार टाकून पाऊण दिवस मोडला तेव्हा कुठे माझा एक तास दहा मिनिटांचा आकडा खरा झाला. हे मला विमानात, पाय पसरायलाही जागा नसताना, नीट कळलं. आणि मला फार हलकं वाटलं. त्यानंतरचा अर्धा तास मीही झोपले.

कोल्हापूरला बाहेर आलो तर घराबाहेर पाऊल टाकायची बंदी असलेली बहीण दारात उभी. भावजी बाजूला, अपराध्यासारखे. मी रागवायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिनं आईला धरलं, मध्ये पोट असल्यानं तिरकं धरलं, आणि म्हणाली, "आधी आलीस."

आई म्हणाली, "हाव. आता रडू नको, बसू दे मले."

शुक्रवार आईनं तिच्या उशाशी काढला. काय बोलत होत्या कोण जाणे, मी स्वयंपाकघरात होते. संध्याकाळी मावशींना फोन लावला. त्यांना किनवटहून परत यायला चार वाजले होते, पालक सगळा सुकला होता. त्यावर त्या पोटभर बोलल्या आणि मग म्हणाल्या, उद्या झालं की मले पहिले सांगजो.

शनिवारी आठला बहिणीला आत नेलं. आम्ही तिघं बाहेर बाकावर. आईच्या पायाशी ती पिशवी. भावजी एकदा उठून पाणी प्यायले, एकदा उगीचच चपला नीट लावल्या. मी घड्याळ काढून ठेवलं होतं, तरी भिंतीवर एक होतंच. किती वेळ गेला ते सांगू शकते, पण सांगत नाही.

मग दार उघडलं. नर्सनं मास्क खाली केला आणि विचारलं, "पेशंटची आई आहे का कुणी? मुलगी झाली, दोघी छान आहेत. ती आईला बोलावतेय."

आई उभी राहिली. मणक्याची माणसं अशी झटकन उठत नाहीत. पिशवी तिथंच राहिली, ती दारातून आत गेली. मी आणि भावजी बाहेर उभे. ते दाराकडे बघत होते. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "ताई, मागच्या दोन्ही वेळी पण नर्सनं हेच विचारलं होतं. आई आहे का म्हणून."

आई तोवर तिच्यापाशी पोचली होती.